खडपातले अर्चिन: प्रकल्प नोंदी, नोव्हेंबर 2024 ते एप्रिल 2025

17 नोव्हेंबर 2024, रविवार

त्रिपुरी पौर्णिमा परवा झाली, त्यामुळे आज ओहोटी चांगलीच खाली गेली होती. अर्चिन या अंगभर काटे असलेल्या गोल समुद्री प्राण्याच्या अभ्यासासाठी जागा पक्की केली. देवगड तालुक्यातलं एक खडप, म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा खडकाळ किनारा. गावाचं नाव इथे लिहीत नाही. कवचं शोभेसाठी गोळा करणारे आणि घरच्या काचेच्या टाकीसाठी जिवंत प्राणी उचलून नेणारे, दोघंही हल्ली नाव वाचूनच येतात.

वर जांभ्याचा सडा आणि त्याच्या पायथ्याशी लाटांनी कापून सपाट केलेला काळा खडक. त्यात भेगा, घळी, डबकी. सड्याकडून पाण्याकडे चालत गेलं की पट्टे ओळीने लागतात. आधी बारीक शंख, मग खडकाला चिकटलेले कवचवाले बार्नकल, मग कालवं. त्याखाली झोअँथिड या प्रवाळाच्या भाईबंदांचे हिरवट-तपकिरी थर. अगदी शेवटी, जो भाग फक्त उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, ओहोटीला उघडा पडतो, तिथे सरगॅसम या तपकिरी शैवालाची झुडपं नुकती फुटू लागली आहेत. अर्चिन या शेवटच्या पट्ट्यात, भेगांत आणि खड्ड्यांत घट्ट बसलेले.

जात ओळखायला त्रास झाला नाही: स्टोमोप्न्युस्टिस व्हॅरिओलॅरिस. सावलीत काळाकुट्ट दिसतो, पण ऊन पडलं की काट्यांवर हिरवी-जांभळी झाक उमटते. लामार्कने 1816 मध्ये याचं वर्णन केलं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थेट पॅसिफिकपर्यंत हा सापडतो आणि त्याच्या कुळात आज एवढी एकच जात जिवंत आहे. कोकणात खडपात उतरणाऱ्या प्रत्येकाची याच्याशी ओळख असते, बहुतेकदा तळपायामार्फत.

जागा खाडीच्या मुखापासून मुद्दाम लांब घेतली. अर्चिन, तारामासे, समुद्रकाकड्या या सगळ्या जमातीला अंगातल्या क्षारांचं प्रमाण स्वतः सांभाळता येत नाही. बाहेरचं पाणी जितकं खारट, तितकंच आतलं. गोडं पाणी मिसळत असलेल्या जागी कमी अर्चिन दिसले, तर ते खाडीमुळे की आणखी कशामुळे, हा घोळ नको.

प्रकल्पाचा प्रश्न गाइड मॅडमनी एका ओळीत लिहून मागितला. लिहिला: ‘या खडपात अर्चिन नेमकं काय करतो?’ मॅडम म्हणाल्या, प्रश्न फार मोठा आहे, पण असू दे, एप्रिलपर्यंत आपोआप लहान होईल.

1 डिसेंबर 2024, रविवार

पद्धत ठरवली. पीव्हीसी पाइपची 50 सेंटीमीटर बाजूची चौकोनी चौकट. खालच्या पट्ट्यात दोर ताणून त्याच्या कडेने चौकट ठेवत जायचं. प्रत्येक चौकटीत अर्चिन किती, खडकाचा किती भाग शैवालाने झाकलाय, किती भाग कोरॅलाइन या कडक गुलाबी शैवालाच्या थराचा, किती उघडा. फोटो वरून, सरळ. अर्चिनला हात लावायचा नाही. त्यावर रंग किंवा टॅगही नाही. त्याऐवजी खड्ड्याशेजारच्या खडकावर एम-सीलचे ठिपके, म्हणजे पुढच्या उधाणाला तोच अर्चिन त्याच जागी आहे का ते फोटोवरून कळेल. ओला खडक तारेच्या ब्रशने घासून घेतला तर एम-सील पाण्याखालीही धरतं.

वेळ हाच खरा अडसर आहे. आपल्या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. हिवाळ्यात खोल ओहोटी संध्याकाळची असते आणि उन्हाळ्याकडे ती सकाळी सरकते. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत पाणी पूर्ण उतरेपर्यंत सूर्य बुडायला आलेला असतो. मिळतो तो तास-दीड तास. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, तर हा पट्टा उघडाच पडत नाही, त्यामुळे पंधरवड्यातून तीन-चार दिवसच कामाचे.

प्रकल्पातली जोडीदारीण विचारत होती, काही डबक्यांतले अर्चिन काढून टाकून काय होतं ते का बघू नये? प्रश्न रास्त आहे, कारण या विषयातलं जे काही नक्की माहीत आहे ते असंच कळलंय. आयर्लंडमधल्या लॉख आइन या समुद्राला जोडलेल्या सरोवरात किचिंग आणि एबलिंग या संशोधकांनी 1959 मध्ये उथळ पाण्यातल्या एका तुकड्यावरचे पॅरासेंट्रोटस अर्चिन उचलून दुसरीकडे नेले. उघड्या खडकावर थोड्याच काळात शैवाल माजलं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर पेन आणि वाडस यांनी ओहोटीच्या डबक्यांतले अर्चिन काढले, आणि 1969 च्या त्यांच्या लेखात पुढची पायरी दिसते: आधी तऱ्हेतऱ्हेची शैवालं उगवतात आणि मग त्यांतली एखादी उंच तपकिरी जात बाकीच्यांवर सावली धरून त्यांना संपवते. म्हणजे अर्चिन नसले की शैवाल वाढतं, पण शैवालाच्या जाती कमी होतात. खूप अर्चिन असले तरी जाती कमीच, कारण सगळंच खाल्लं जातं. मधल्या कुठल्यातरी संख्येला सगळ्यांत जास्त जाती नांदतात.

आपण ते करत नाही आहोत. एक तर पाच-सहा महिन्यांत निकाल लागणार नाही. दुसरं म्हणजे आपल्याकडे जून आला की पाऊसच सगळं शैवाल खरवडून नेतो. अर्चिन काढले काय, ठेवले काय, पावसाळ्यानंतर पाटी कोरी. ऑक्टोबरात पुन्हा कोवळं शैवाल फुटतं. आयर्लंडचा धडा इथे जसाच्या तसा लागू होईल असं मला वाटत नाही, आणि तेच तपासायचंय.

16 डिसेंबर 2024, सोमवार

आज चौकटी कमी टाकल्या आणि एकाच खड्ड्यापाशी बसून राहिले.

खड्डा साधारण वाडग्याएवढा, कडा गुळगुळीत. आत एक मोठा अर्चिन. खड्ड्याची आतली भिंत गुलाबी, कोरॅलाइन शैवालाच्या पातळ कडक थराने मढलेली. तो थर अर्चिनला खरवडता येतो, पण संपवता येत नाही, आणि बाकीचं मऊ शैवाल खाल्लं गेल्यामुळे या गुलाबी थरालाच जागा मिळते. बाहेरचा खडक उन्हात सुकून पांढुरका पडला होता, खड्ड्यात मात्र चार बोटं पाणी टिकून होतं. काट्यांच्या बुंध्याशी दोन चपटे खेकडे, नखाएवढे. एका बाजूला सर्पतारा, तारामाशाचा बारीक हातांचा भाईबंद, त्याचे फक्त दोन हात बाहेर. भिंतीला एक कायटन, पाठीवर कवचाच्या पट्ट्या असलेला चपटा प्राणी, चिकटलेला. तळाशी वाळूत नळ्या करून राहणारे किडे. टॉर्च तिरपा धरला तेव्हा काट्यांमधून लांब होणारे नळीपाय दिसले, टोकाला चकती असलेले, आणि त्यांच्यामध्ये देठावरचे तीन जबड्यांचे बारीक चिमटे उघडमीट करत होते. अंगावर काही बसू नये म्हणून हे चिमटे. छोट्या खेकड्यांना मात्र ते काही करत नव्हते.

शेजारचा तसाच एक खड्डा रिकामा होता. त्यात पाणी होतं, पण तळ गाळाने भरलेला आणि कडेने हिरवं केसाळ शैवाल. एक शंख सोडला तर कोणी नाही. एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही. चौकटीच्या तक्त्यात आता एक रकाना वाढवला: खड्ड्यातले इतर रहिवासी.

हा खड्डा अर्चिननेच खणला का? मऊ खडकात अर्चिन दातांनी आणि काट्यांनी घासत घर करतात हे ठाऊक आहे. पण इथला खडक बेसॉल्ट. एका प्राण्याच्या आयुष्यात एवढा खड्डा होईल हे मला पटत नाही. इथल्या काळ्या खडकात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असतातच. तिथून सुरुवात झाली असावी आणि एकामागून एक येणाऱ्या अर्चिननी ती वाढवली असावी. पिढीजात घर म्हणायचं.

कालवं काढायला आलेल्या मामी बराच वेळ बघत होत्या. मग जवळ येऊन म्हणाल्या, “ह्यांका मोजून तुका काय गावतला गो? कालवां काढ, आमटी तरी होतली.” मी म्हटलं, मामी, पावसात हे कुठे जातात? त्यांनी कोयतीने वरच्या घळीकडे दाखवलं. “मोठो पाऊस लागलो काय थंय मरान पडलेले गावतत. काटे झडान गोटे होतत.” सड्यावरून गोड्या पाण्याचा ओहोळ जिथे उतरतो, बरोबर तीच घळ. वहीत लिहून घेतलं. डिसेंबरात जी गोष्ट मला दिसणं शक्यच नव्हतं ती मामींनी सांगितली.

31 डिसेंबर 2024, मंगळवार

कालची सोमवती अमावास्या, ओहोटी उत्तम, आणि किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही. थर्टी फर्स्टवाले खडपात सेल्फी काढत होते. चौकटी टाकणं अशक्य. एका मुलाच्या टाचेत काटा मोडला, तो काढायला मदत केली. काटा ठिसूळ असतो, चिमट्याने ओढला की आतच तुटतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायला सांगितलं आणि डॉक्टरकडे पाठवलं.

14 जानेवारी 2025, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ देऊन थेट खडपात.

आज खाऊ घालून बघितलं. उल्वा या पातळ हिरव्या शैवालाची बोटभर पट्टी कापून, चिमट्यात धरून, खड्ड्यातल्या अर्चिनच्या काट्यांवर अलगद सोडली. आधी जवळचे काटे पट्टीकडे झुकले आणि तिला दाबून धरलं. मग नळीपाय लांब होत आले, एकेक चकती चिकटली, आणि पट्टी बाजूने खाली सरकू लागली. एका पायाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे. तोंड पोटाखाली असतं, त्यामुळे शेवटचा घास दिसत नाही, पट्टी नाहीशी होते एवढंच. मधेच मी टोक धरून ओढून बघितलं, तर ओढ चांगली जाणवली. सरगॅसमच्या तुटलेल्या फांदीलाही तसाच प्रतिसाद. पावसाळी चपलेच्या रबराचा तुकडा मात्र थोडा वेळ धरून सोडून दिला.

तोंडातलं यंत्र अॅरिस्टॉटलने वर्णन केलंय, म्हणून त्याला अॅरिस्टॉटलचा कंदील म्हणतात. पाच दात, त्यांना आधार देणारे पाच मोठे तुकडे आणि बाकीचे लहान, मिळून चाळीसेक कडक तुकडे आणि त्यांना हलवणारे स्नायू. दात वरून वाढत राहतात आणि टोकाला झिजत राहतात, आणि झिजतानाच धार लागते. खडक खरवडायला उत्तम हत्यार. पण आज जे बघितलं त्यात खरवडणं नव्हतंच. वाहून आलेलं पकडून खाणं होतं. पहिल्यापासून हा प्रश्न मनात होता: खड्ड्याबाहेर शैवाल इतकं दाट असताना अर्चिन तिकडे जात का नाहीत? आज वाटतंय, जायची गरजच नसेल. लाट दिवसातून दोनदा ताट आणून ठेवते.

काळोख पडल्यावर हेडटॉर्च लावून पुन्हा बघितलं, कारण बऱ्याच जाती रात्री बाहेर पडतात. ठिपक्यांशेजारचे सगळे जागच्या जागी. पाणी चढू लागलं तसं निघालो.

30 जानेवारी 2025, गुरुवार

पोट न फाडता खाणं कळायचा मार्ग मॅडमनी सुचवला: लेंड्या. अर्चिनचं गुदद्वार वर, डोक्यावर म्हणावं अशा जागी असतं. खाल्लेलं चिकट आवरणात गुंडाळलं जातं आणि गोल गोळीसारखं वर बाहेर पडतं. ओहोटीला पाणी शांत असतं तेव्हा त्या गोळ्या काट्यांच्या मधेच पडून राहतात. ड्रॉपरने ओढून घेतल्या, बाटलीत ठेवल्या, बाटलीवर ठिपक्याचा क्रमांक टाकला. निम्म्या गोळ्या लाटेने नेल्या. कंबर अजून दुखतेय.

3 फेब्रुवारी 2025, सोमवार — प्रयोगशाळा

गोळ्या फोडून काचपट्टीवर पसरल्या. उल्वा पटकन ओळखता येतं, पेशींचे दोनच थर आणि हिरवा रंग बराचसा शाबूत. पचलंच नाहीये नीट. सरगॅसमचे तपकिरी तुकडे, पानाच्या कडेच्या दातऱ्यासकट. अर्चिन शैवाल पुरतं पचवत नाही, बारीक करून टाकतो, आणि ते टाकलेलं तळाशी राहणाऱ्या किड्या-खेकड्यांना आयतं मिळतं. डिसेंबरात खड्ड्याच्या तळाशी नळ्या करून बसलेले किडे आठवले.

उरलेल्या पांढऱ्या आणि काळ्या कणांवर पातळ अॅसिडचा थेंब टाकला. पांढरे कण फसफसले, म्हणजे चुनखडीचे: कोरॅलाइन शैवालाचे सांधे किंवा शिंपल्यांचा चुरा. काळे कण तसेच राहिले. ते खडकाचे. खरवडताना निघालेले, की लाटेबरोबर आलेली काळी वाळू, हे मायक्रोस्कोपखाली सांगता येणार नाही. तक्त्यात ‘खडक/वाळू’ असंच लिहिलं.

महत्त्वाचं हे: ज्या डबक्यात सरगॅसमचं एकही झुडूप नाही, तिथल्या अर्चिनच्या गोळ्यांतही सरगॅसम भरपूर. ते बाहेरून वाहत आलंय, दुसरा मार्ग नाही. मॅडमना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, “छान. आता हे खोटं ठरवायचा प्रयत्न कर.”

13 फेब्रुवारी 2025, गुरुवार

वाचन आणि त्यावरून जोडीदारणीशी भांडण.

कॅलिफोर्नियाच्या सॅन निकोलस बेटापाशी हॅरोल्ड आणि रीड यांनी केलेलं काम 1985 मध्ये छापून आलं. त्यांचा मुद्दा असा की अर्चिन कमी की जास्त याहून तो बसलाय की फिरतोय, हे महत्त्वाचं. केल्प या उंच तपकिरी शैवालाचे तुटलेले तुकडे भरपूर असतील तर अर्चिन भेगांत बसून तेच खातात आणि उभ्या केल्पला फारसा धक्का लावत नाहीत. तुकडे संपले की बाहेर पडतात आणि दिसेल ते चरतात, मग खडक बोडका होतो. संख्या तीच, वागणं बदललं की किनारा बदलतो.

मला हे आपल्या खडपाला चपखल बसतंय असं वाटतं. जोडीदारीण म्हणते, तिकडचं केल्पचं जंगल कुठे आणि आपली गुडघाभर झुडपं कुठे. तिचं म्हणणं, आपल्याकडचा अर्चिन खड्ड्यातच राहतो, कारण बाहेर लाट त्याला आपटेल आणि उन्हात सुकेल. खाणं हे कारणच नाही. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात, हे आम्ही दोघींनी चहा गार झाल्यावर मान्य केलं.

मग भेद करायचा कसा? तर सरगॅसम संपल्यावर. लाट आणि ऊन तेव्हाही असणारच. जोडीदारीण बरोबर असेल तर मार्च-एप्रिलमध्येही अर्चिन खड्ड्यातच राहतील. हॅरोल्ड-रीड बरोबर असतील तर निदान काही तरी बाहेर पडतील.

काही अर्चिन मात्र या चाचणीतून वगळावे लागतील. त्यांच्या खड्ड्याचं तोंड आतल्या पोकळीपेक्षा अरुंद आहे. लहानपणी आत शिरले, आत वाढले, आता बाहेर येणं अशक्य. त्यांना जन्मभर वाहून आलेल्यावरच काढावं लागणार. खरं तर माझ्या बाजूचा सगळ्यांत भक्कम पुरावा हेच कैदी आहेत. त्यांचे काटे आखूड आहेत, पण अंगाने धडधाकट दिसतात.

28 फेब्रुवारी 2025, शुक्रवार

कुणकेश्वरच्या जत्रेमुळे एसटी तुडुंब. उभ्याने प्रवास, चौकट छतावर बांधून. चौकटींचं काम उरकलं. अंधारात फेरी केली. सगळे जागेवर. सरगॅसमला फळं धरलीत, काही झुडपं पिवळी पडू लागली आहेत.

15 मार्च 2025, शनिवार

शिमग्याची सुट्टी. गावात पालखी नाचत होती आणि आम्ही दोघी गुडघाभर पाण्यात. सरगॅसम झपाट्याने विरळ होतंय. किनाऱ्यावर उपटून आलेल्या झुडपांचे ढीग आहेत. म्हणजे आत्ता अर्चिनची चंगळ, वाहून येणारं सगळ्यांत जास्त. खरी कसोटी यानंतर.

खड्ड्यातल्या रहिवाशांचा रकाना आता बऱ्यापैकी भरलाय. अर्चिन असलेल्या खड्ड्यांत खेकडे, सर्पतारे आणि कायटन रिकाम्या खड्ड्यांपेक्षा सरसकट जास्त दिसतात. आकड्यांची चाचणी अजून लावायची आहे, पण तक्त्यावर नजर टाकली तरी फरक डोळ्यांत भरतो. जोडीदारणीचा आक्षेप असा की चांगले, पाणी टिकवणारे खड्डे अर्चिनही निवडतो आणि खेकडेही, मग आसरा अर्चिनचा की खड्ड्याचा? त्यावर उपाय म्हणून पाण्याची खोली आणि खड्ड्याचं तोंड मोजून सारख्या मापाच्या जोड्या लावायला घेतल्या.

काट्यांचा आसरा ही काही हवेतली कल्पना नाही. दक्षिण आफ्रिकेच्या केप किनाऱ्यावर पॅरेकायनस जातीच्या अर्चिनच्या काट्यांखाली अबालोन या महागड्या समुद्री गोगलगायीची पिल्लं वाढतात. 1990 च्या दशकात रॉक लॉबस्टर पूर्वेकडे पसरले, त्यांनी अर्चिन फस्त केले, आणि त्या भागातली अबालोनची पिल्लंही दिसेनाशी झाली. चोरटी मासेमारी आधीच जोरात होती, त्यात ही भर. अर्चिनने काय खाल्लं याचा त्यात संबंध कमी. तो तिथे बसलेला होता, काटे उभारून, हीच त्याची कामगिरी.

आमच्या वर्गातल्या पुस्तकात मात्र अर्चिनसमोर एकच शब्द असतो: ‘शाकाहारी’. पुढे बाण आणि लगेच ‘मासे’.

30 मार्च 2025, रविवार

गुढी उभारून निघाले. समुद्र अजून शांत, पण दक्षिणेकडून लांब लाटा येऊ लागल्यात. सरगॅसमचे नुसते बुंधे उरलेत. उल्वा वरच्या डबक्यांत आहे, खाली जवळपास नाही. गोळ्या कमी मिळाल्या, आणि फोडल्यावर आत पांढरे कण जास्त. अजून सगळे खड्ड्यातच.

जोडीदारीण काही बोलली नाही. बोलली नाही हेच जास्त लागलं.

14 एप्रिल 2025, सोमवार

खोल ओहोटी आता पहाटेची. चारला उठून, अंधारात उतरलो.

एम-सीलच्या ठिपक्यांशेजारचे काही खड्डे रिकामे. आधी वाटलं कोणी काढून नेले. मग टॉर्च फिरवला तर हातभर अंतरावर उघड्या खडकावर अर्चिन बसलेले. सगळे नाहीत, मोठे तर अजिबात नाहीत. मधल्या अंगाचे, ज्यांच्या खड्ड्याचं तोंड रुंद आहे ते. उजाडू लागल्यावर नीट दिसलं: त्या खड्ड्यांभोवती खडक खरवडलेला, कडेने एक उघडा पट्टा, आणि त्याच्या पलीकडे आखूड शैवालाची लव तशीच. पट्ट्याच्या कडेवर पाच टोकांच्या चांदणीसारखे ओरखडे. भिंग धरून बघितलं, दातांच्या खुणा ताज्या आहेत. फोटो मोजपट्टी ठेवून घेतले.

पाणी चढू लागलं तसे त्यांतले दोघे हळूहळू खड्ड्याकडे सरकताना दिसले. बाकीच्यांचं काय झालं ते बघायला थांबता आलं नाही. लाट कमरेला लागत होती.

म्हणजे दोघींचंही थोडं थोडं खरं. हिवाळ्यात अर्चिन बसून खातो आणि त्याचा मोठा परिणाम म्हणजे खड्डा आणि त्यातली वस्ती. उन्हाळ्याच्या तोंडाला तो थोडा फिरतो, चरतो, पण घरापासून हातभरच. लाट आणि ऊन त्याला त्याहून लांब जाऊ देत नाहीत. त्यामुळे कॅलिफोर्नियासारखा अख्खा खडक बोडका इथे होत नाही. आपल्याकडे बोडकी होतात ती कडी, खड्ड्याखड्ड्याभोवतीची. आणि जून आला की ती कडीही पुसली जाणार, कारण बाकीचं शैवालही जाणार.

या कड्यांचं पुढे काय होतं हे मला सगळ्यांत जास्त बघायचंय. शैवालाची लव असलेल्या खडकावर कालवं आणि बार्नकलची पिल्लं बसणं अवघड. खरवडलेल्या जागेवर सोपं. पण तोच अर्चिन त्या पिल्लांनाही खरवडून टाकू शकतो. पावसानंतर कड्याच्या जागी काय उगवतं यावर ठरेल.

मामी भेटल्या. मी कडी दाखवली. त्या म्हणाल्या, “ह्या आमी दर वर्सा बगतो. पावसाच्या आदी ह्ये भायर येतत.” मी म्हटलं, मामी, मग डिसेंबरातच का नाही सांगितलंत? “तू पावसातला इचारलंस. पावसाआदीचा इचारलंस काय?”

28 एप्रिल 2025, सोमवार

काल अमावास्या. या हंगामातली शेवटची फेरी. लाटा वाढल्यात, खालचा निम्मा पट्टा उघडाच पडला नाही. जेवढे ठिपके गाठता आले तेवढ्यांचे फोटो घेतले. बाहेर पडलेल्यांचं प्रमाण मागच्या वेळेसारखंच वाटतं. नक्की काय ते फोटो मोजल्यावर.

मॅडमशी बसून प्रबंधाचा आराखडा केला. प्रश्न खरोखर लहान झालाय: ‘वाहून येणाऱ्या शैवालाच्या उपलब्धतेनुसार स्टोमोप्न्युस्टिसचं वर्तन आणि त्याच्या खड्ड्यांतील सहवासी प्राणी’. लॉख आइन आणि सॅन निकोलस प्रस्तावनेत. केप चर्चेत. केनियाचं काम घ्यायचं की नाही यावर एकमत झालं नाही. तिथे मासेमारी चालणाऱ्या प्रवाळ खडकांवर एकायनोमेट्रा अर्चिन संरक्षित भागांपेक्षा कितीतरी जास्त, कारण त्यांना खाणारे ट्रिगरफिश जाळ्यात गेलेले. आपल्याकडे अर्चिन कोण खातं याची एकही नोंद आमच्या वहीत नाही. फुटलेली कवचं सापडली, पण ती माशाने फोडली, खेकड्याने, की लाटेने आपटली, सांगता येत नाही. मॅडम म्हणाल्या, नोंद नाही तर केनियाही नाही.

पावसाळ्याची सोय करायची राहिलीये. एम-सीलचे ठिपके जून-जुलैच्या लाटांत टिकणार नाहीत. खडकात ड्रिल करून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवायचे तर आधी परवानगीचा अर्ज. तो लिहून झालाय, उद्या सही होऊन जाईल. मे महिन्याची उधाणं हातात आहेत, तेवढ्यात स्क्रू बसले तर सप्टेंबरात तेच खड्डे सापडतील. ओहोळाच्या घळीत मेलेल्यांची मोजणी पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच करायची आहे, लाट त्यांना नेण्याआधी. त्यासाठी किनाऱ्यावर उतरणं धोक्याचं. मामींच्या पडवीतून ती घळ दिसते. दुर्बीण आणि तिपाई घेऊन तिथे बसू का, असं विचारलं. “बस की,” म्हणाल्या, “पण शेगडीकडे धूर असता, मगे कपडे वास मारतत म्हणून सांगाचा नाय.”